एंगेलबर्गच्या स्नोबोर्ड दुकानात पहिल्यांदा जाताना

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस या डोंगरावर मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. लुझर्नहून बस येते, केबलकार माणसांना ३,००० मीटरच्या वर नेऊन सोडते, बर्फात फोटो होतात, गरम काहीतरी पोटात जातं आणि संध्याकाळी सगळे परत. ज्या गावातून हे सगळं सुरू होतं त्या एंगेलबर्गला थांबणारे थोडे, आणि तिथे स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरणं, शिकायला थांबणारे त्याहून थोडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे: नोकरी-शिक्षणासाठी झ्युरिक, बाझेल, म्युनिक, स्टुटगार्टकडे आलेली मंडळी, आणि सहलीला दोन-तीन दिवस जोडून बर्फावर खरोखर काही करून पाहायची इच्छा असलेले पाहुणे.

स्नोबोर्डिंगवर लिहिलेलं बहुतेक सगळं उतारावर पोचल्यानंतरचं असतं. पण नवशिक्याचा पहिला दिवस चांगला जाणार की पायाला कळा लागून दुपारीच संपणार, हे बरंचसं आदल्या संध्याकाळी दुकानात ठरतं. म्हणून दुकानापासूनच सुरुवात करू.

कधी जायचं

लुझर्नहून एंगेलबर्गला थेट गाडी आहे. साधारण पाऊण तास लागतो, शेवटचा चढ दात्यांच्या रुळावरून आणि बोगद्यातून होतो. अर्ध्या भाड्यात तिकीट देणारं हाफ-फेअर कार्ड चालतं. गाव सुमारे १,००० मीटरवर, ओबवाल्डन कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्विस राज्य). ११२० साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ आजही गावाच्या एका टोकाला उभा आहे. स्टेशनवरून टिटलिसच्या खालच्या स्थानकापर्यंत दहा-बारा मिनिटं चालत लागतात. हिवाळ्यात गावात स्की-बसही फिरते.

वर हिमनदी असल्यामुळे टिटलिसचा हंगाम लांबतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत वरच्या भागात काही ना काही चालू असतं. पण नवशिक्याला हिमनदीचा उपयोग नाही. त्याला हवा असतो खालचा मऊ, सौम्य उतार, आणि तो भरवशाने मिळतो जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत. नाताळ ते नवीन वर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या शक्यतो टाळा; त्या दिवसांत दुकानदाराला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो आणि उतारावर तुम्हाला पडायला जागा नसते. माझी निवड विचाराल तर जानेवारीचा उत्तरार्ध.

दुकानात मात्र सकाळी जाऊ नका. शनिवारी सकाळी साडेआठ ते दहा या वेळात एकेका छोट्या दुकानात वीस-वीस माणसं उभी असतात, बूट कसेबसे चढवले जातात आणि "ठीक आहे ना?" या प्रश्नाला सगळेच "हो" म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी चारनंतर जा. बऱ्याच दुकानांत संध्याकाळी नेलेल्या सामानाचं भाडं दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तसं आहे का, हे विचारून घ्या. निघण्याआधी दुकानाच्या वेळाही बघा, कारण स्विस गावांतली काही लहान दुकानं दुपारी जेवणासाठी बंद असतात.

मोठं दुकान की लहान?

मोठ्या साखळ्यांची भाड्याची दुकानं केबलकारच्या स्थानकाजवळ असतात. आधी ऑनलाइन आरक्षण केलं की तिथे स्वस्त पडतं, आणि सराईत माणसाला तेवढं पुरतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र थोडे जास्त फ्रँक देऊन लहान दुकान शोधावं, असं माझं ठाम मत आहे. लहान दुकानात तुमचे बूट बसवणारा, बोर्डला धार लावणारा आणि सकाळी स्वतः डोंगरावर जाऊन आलेला माणूस बहुधा एकच असतो. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या ट्र्यूबझेला बर्फ आज कसा आहे, खालची वाट दुपारी टणक होते का, हे त्याला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त नेमकं माहीत असतं.

चांगलं दुकान ओळखायची खूण: मागे कामाचं टेबल दिसतं, त्यावर बोर्ड आडवा अडकवलेला असतो, खाली मेणाचा चुरा पडलेला असतो. भाड्याचे बूट कोरडे असतात आणि त्यांना कुबट वास येत नाही. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे तो तुम्हाला प्रश्न विचारतो. उंची ऐकून लगेच भिंतीवरचा बोर्ड काढून देणारा दुकानदार असेल तर आभार मानून पुढच्या दुकानात जा.

आत शिरताना "ग्रुएत्सी" म्हणा. इथे न बोलता दुकानात शिरणं उद्धटपणाचं समजतात. पुढे इंग्रजी चालतं.

काय सांगायचं, आणि खरं का सांगायचं

तुम्हाला उंची, वजन, पावलाचं माप, अनुभव आणि किती दिवस बोर्ड हवा हे विचारतील. वजनाच्या बाबतीत आपण चारचौघांत दोन-चार किलो खाली सांगतो. इथे ते करू नका. बोर्ड वजनाने वाकतो. त्याची लांबी आणि ताठरपणा वजनावरूनच निवडतात, उंची त्यानंतर. दहा किलोंचा फरक झाला तर बोर्ड तुमचं ऐकत नाही.

स्की घेणाऱ्या मित्राचा फॉर्म वेगळा असतो. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला अडकवणारी पकड, पडताना सुटतं, आणि ते किती जोर आल्यावर सुटावं हे वजन, वय, अनुभव आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात. तिथे खोटं वजन म्हणजे थेट गुडघ्याशी खेळ. स्नोबोर्डचं बाइंडिंग मात्र पडल्यावर सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात. म्हणूनच स्नोबोर्डरच्या गुडघ्यांना पीळ कमी बसतो आणि मनगटांना मार जास्त लागतो. मनगटांचं पुढे सांगतो.

अनुभवही जसा आहे तसा सांगा. औलीला किंवा गुलमर्गला आठवडाभर स्की केलं असेल तर ते उपयोगाचं आहे, कारण बर्फावरच्या वेगाची भीती थोडी गेलेली असते. पण स्नोबोर्डवर तुम्ही नवशिकेच आहात. स्केटबोर्ड करत असाल तर आवर्जून सांगा. गुडघा, घोटा, कंबर यांचं जुनं दुखणं असेल तर तेही. सह्याद्रीत नेमाने ट्रेक करणाऱ्यांच्या मांड्या या खेळाला चांगल्या साथ देतात, पण इथे दिवसभर गुडघे वाकवून राहायचं असतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलणारच.

मग प्रश्न येईल: रेग्युलर की गूफी? डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. माहीत नसेल तर घरीच पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरून बघा. जो पाय आपसूक पुढे जातो तो तुमचा पुढचा पाय. कुणी मागून अचानक हलकं ढकललं तर पहिलं पाऊल कुठलं पडतं यावरूनही अंदाज येतो. उजव्या हाताने लिहिता म्हणून रेग्युलरच असाल असं नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अगदीच अवघडल्यासारखं वाटलं तर बाइंडिंग उलट फिरवून घेता येतात, पाच मिनिटांचं काम असतं.

आधी बूट

दुकानात गेल्यावर नजर बोर्डांवर जाते. त्यांची चित्रंच तशी असतात. पण चाळीस मिनिटं हातात असतील तर तीस बुटांना द्या. बोर्ड थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जातं, बूट चुकला तर दिवस वाया जातो.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंत पावलाची लांबी. युरोपातला ४२ नंबर म्हणजे साधारण २७. दुकानदाराला पाऊल मोजायला सांगा. दोन्ही पावलं मोजा, कारण बहुतेकांचं एक पाऊल थोडं मोठं असतं. आपल्याकडे बूट "थोडा मोठाच" घ्यायची सवय लहानपणापासून लागलेली असते. ती इथे सोडावी लागते. बूट मोठा असला की पाय आत हलतो, तुम्ही घोटा वळवता पण बोर्ड वळत नाही, मग बक्कल आणखी आवळता आणि पावलाला मुंग्या येतात.

पायमोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, पोटरीपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे चढवणं ही आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक. दोन मोज्यांमध्ये घडी पडते, रक्ताभिसरण अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. सुती मोजा तर नकोच. तो घाम धरून ठेवतो.

बूट घालताना आधी आतला मऊ बूट नीट बांधा, मग बाहेरचा. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, त्यानंतर आवळा. बांधायच्या तीन तऱ्हा असतात: साधी नाडी, ओढून अडकवायची दोरी, आणि फिरवायची चकती, जिला बोआ म्हणतात. भाड्याच्या बुटांत चकती सोयीची; हातमोजे घालूनही घट्ट करता येते.

आता उभे राहा. सरळ उभं असताना बोटांची टोकं पुढे हलकीशी टेकली पाहिजेत. मग गुडघे वाकवा, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा. बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलायचा प्रयत्न करा. ती जागेवरून अजिबात न हलणं उत्तम, जेमतेम हलली तर चालेल, सुटी होऊन वर येत असेल तर बूट बदला. दाब सगळीकडे सारखा असावा. एका ठिकाणी टोचत असेल, विशेषतः घोट्याच्या हाडावर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला, तर "नंतर सैल होईल" म्हणून गप्प बसू नका. भाड्याचे बूट आधीच सैल झालेले असतात. आज टोचतंय ते उद्याही टोचणार.

त्यानंतर दहा मिनिटं बूट घालूनच दुकानात फिरा. हेल्मेट बघा, गॉगल बघा. पाय बधिर झाले तर माप नाहीतर आकार चुकला. दुसऱ्या कंपनीचा बूट मागा. पायाचा पंजा रुंद असेल तर तसं सांगा. अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या आपल्या पावलांचे पंजे बरेचदा पसरट असतात, आणि काही कंपन्यांचे बूट खरोखर अरुंद येतात. तीन जोड्या बदलून मागितल्या म्हणून लहान दुकानातला माणूस चिडत नाही. त्याचं खरं काम तेच आहे आणि ते त्याला आवडतं.

ताठरपणा मऊ ते मध्यम ठेवा. कडक बूट वेगात जाणाऱ्यांसाठी असतात.

मग बोर्ड

बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यांच्यामध्ये टोक यावं, असा एक जुना ठोकताळा आहे. तो अंदाजापुरता ठीक. वजनाचं कोष्टक प्रत्येक कंपनी देते; ७० ते ७५ किलोच्या माणसाला साधारण १५५ सेंटिमीटरच्या आसपासचा बोर्ड येतो, आणि नवशिक्यासाठी त्यातून तीन-चार सेंटिमीटर कमी केले तरी चालतं. आखूड बोर्ड वळायला सोपा, लांब बोर्ड वेगात स्थिर.

रुंदीकडे लोक दुर्लक्ष करतात. बूट बाइंडिंगमध्ये बसवल्यावर बोटं आणि टाच बोर्डच्या कडेबाहेर फार आली तर वळताना ती बर्फाला घासतात आणि तुम्ही कारण न कळता पडता. पाऊल मोठं असेल, साधारण ४४ नंबरपासून पुढे, तर रुंद बोर्ड मागा. स्त्रियांसाठीचे बोर्ड अरुंद आणि थोडे मऊ असतात; लहान पावलाच्या हलक्या पुरुषालाही ते उत्तम चालतात.

बोर्डचा बाक पुढचा मुद्दा. सपाट जमिनीवर ठेवल्यावर मध्यभागी उचललेला असतो तो कँबर, आणि मध्ये टेकून टोकं वर उचललेली असतात तो रॉकर. कँबर कडेला घट्ट पकड देतो, पण चुकीलाही लगेच शिक्षा देतो. नवशिक्याला सपाट किंवा टोकाकडे रॉकर असलेला मऊ बोर्ड द्यावा. एवढं सांगितलंत की दुकानदार बरोबर समजेल. ब्रँडचा विचार या टप्प्यावर सोडून द्या. स्वित्झर्लंडची स्वतःची निडेकर कंपनी आहे, रोल गावात १८८७ पासून लाकूडकामात असलेल्या घराण्याची. अमेरिकेतली बर्टन १९७७ सालची. दोघांचेही नवशिक्यांचे बोर्ड चांगले आहेत. रस असेल तर दुकानदाराला १९९८ च्या नागानो ऑलिंपिकबद्दल विचारा. स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि पुरुषांच्या हाफपाइपचं, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या चरात उड्या मारायच्या स्पर्धेचं, पहिलंवहिलं सुवर्णपदक अरोसाच्या गियान सिमेनने, म्हणजे इथल्याच आल्प्समधल्या मुलाने जिंकलं. हा विषय निघाला की या दुकानांमधली माणसं खुलतात.

बाइंडिंग स्वतः बघून घ्या

दोन पायांमधलं अंतर खांद्यांइतकं किंवा किंचित जास्त. कोन अंशांत मोजतात: पुढच्या पायाला १५ अंश पुढे आणि मागच्याला काही अंश मागे. दोन्ही पाय बदकासारखे थोडे बाहेर वळलेले राहतात, ही ठेवण शिकताना गुडघ्यांना सोयीची. पाठीमागच्या आधाराचा पुढे झुकाव कमीत कमी ठेवायला सांगा, नाहीतर पोटऱ्या लवकर भरून येतात.

दुकानातच, गालिच्यावर, बोर्डवर चढा. घोट्याचा पट्टा आणि बोटांचा पट्टा स्वतः लावा, सोडा, पुन्हा लावा. बर्फात बसून गारठलेल्या हातांनी हेच करायचं असतं. आदल्या दिवशी पाचदा केलेलं असलं की सकाळी घाई होत नाही. बोर्डवर चिकटवलेला नंबर फोनमध्ये टिपून घ्या आणि बाइंडिंगला रंगीत चिंधी बांधा. दुपारी हॉटेलबाहेर एकाच दुकानाचे एकसारखे दिसणारे दहा बोर्ड उभे असतात.

अंगावर काय

हेल्मेट भाड्याने मिळतं, ते घ्याच. सक्ती नाही, पण इथे हेल्मेटशिवाय माणूस क्वचितच दिसतो. मनगटाचे संरक्षक मात्र दुकानदार आपणहून काढून देईलच असं नाही, तुम्ही मागा. नवशिका स्नोबोर्डर पडताना हात पुढे-मागे टेकतो आणि मनगट मोडतं, ही या खेळातली सगळ्यात ठरलेली दुखापत. स्विस अपघात-प्रतिबंध संस्था बीएफयूदेखील स्नोबोर्डरना मनगट-संरक्षक वापरायला सांगते. गादी लावलेली आतली चड्डीही मिळते. माकडहाड एकदा आपटलं की पुढचे दोन दिवस बसता येत नाही, तेव्हा घेतलेली बरी.

चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल मागा. ढगाळ दिवसाला पिवळी-गुलाबी काच, उन्हाला गडद. सनस्क्रीन लावा, सावळ्या कातडीलाही. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो आणि दर १,००० मीटर उंचीला ही किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा जळतं.

जीन्स घालून जाऊ नका. नवशिका अर्धा दिवस बर्फात बसलेला असतो, सुती कापड भिजतं आणि मग थंडी हाडात शिरते. जलरोधक पँट आणि जाकीट काही दुकानांत भाड्याने मिळतं, नाहीतर शहरातून स्वस्तातलं घेऊन या. आत अंगाला चिकटणारा लोकरी किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस. हातमोजे मात्र स्वतःचे आणि चांगले घ्या.

पैसे आणि कागद

बोर्ड आणि बूट मिळून दिवसाचं भाडं ५० फ्रँकच्या आसपास धरून चाला, हेल्मेट वेगळं; दिवस वाढतील तसा दर उतरतो. कार्ड सगळीकडे चालतं, इथे राहणाऱ्यांचं ट्विंट हे फोनवरून पैसे द्यायचं ॲपही. मोडतोड आणि चोरीचा छोटा विमा भाड्यासोबत देतात, तो घ्या, पण चोरी धरलेली आहे का ते वाचा.

त्याहून मोठा प्रश्न तुमच्या स्वतःच्या विम्याचा. स्वित्झर्लंडमध्ये एकाच मालकाकडे आठवड्याला किमान ८ तास काम करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघातांचंही संरक्षण कायद्याने मिळतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांचं तसं नाही. शेंगेन व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात. आईवडील, भाऊ, मित्र आले असतील तर त्यांची पॉलिसी उघडून ती ओळ शोधा. उतारावरून पथकाने स्लेजवर खाली आणलं तरी त्याचं बिल येतं, हेलिकॉप्टरचं तर सांगायलाच नको. रुग्णवाहिकेचा नंबर १४४, हवाई बचाव करणाऱ्या रेगाचा १४१४. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.

दुकानातून उतारापर्यंत

बर्फावर बोर्ड ठेवायचा तो नेहमी उलटा, बाइंडिंग खाली. सरळ ठेवलेला बोर्ड आपोआप घसरायला लागतो, आणि तीन-चार किलोंची धारदार कडांची फळी उतारावरून सुटली की खाली उभ्या असलेल्या लहान मुलाचं काय होईल याचा विचार करा. या एका गोष्टीवर दुकानदार आणि शिक्षक दोघेही कडक असतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पहिल्या दिवशी टिटलिसच्या माथ्यावर जाऊ नका. तिकीट काढलंय म्हणून, फिरती केबलकार बघायची म्हणून, बोर्ड घेऊन वर जाणारे नवशिके असतात. १९९२ पासून चालणारी ती केबलकार बघाच, पण बोर्ड खाली ठेवून. माथ्यावरून मधल्या स्टांड स्थानकाकडे येणारी वाट नवशिक्याची नाही. मठाजवळच्या क्लोस्टरमाटेचा छोटा उतार किंवा १,८०० मीटरवरच्या ट्र्यूबझेजवळचा सौम्य भाग, सुरुवात तिथे. कुठल्या ठिकाणचा बर्फ आज बरा आहे, हे बोर्ड घेतानाच विचारा.

स्वित्झर्लंडमध्ये निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. फ्रान्समध्ये असते तशी हिरवी इथे नसते, त्यामुळे निळी म्हणजे "बालवाडी" असा समज करून घेऊ नका. पिवळ्या खुणांची वाट दाखवलेली असते, पण तिच्यावरचा बर्फ यंत्राने दाबलेला नसतो. तिकडे जायचं नाही.

किमान पहिल्या दिवशी दोन तास शिक्षक घ्या. टाचेच्या कडेवर सरकणं, बोटांच्या कडेवर सरकणं, मग झाडाचं पान डुलत खाली यावं तसं डावीकडे-उजवीकडे जात उतरणं, हा क्रम असतो. उताराकडची कड बर्फात अडकली की माणूस क्षणात आपटतो; सुरुवातीच्या बहुतेक पडण्यांचं कारण हेच. म्हणून बोर्ड घेताना दुकानदाराला सांगा की टोकांजवळची धार थोडी बोथट असू दे. पडताना मुठी मिटा, हाताच्या पुढच्या भागावर किंवा ढुंगणावर पडा.

ओढणाऱ्या लिफ्टवर, म्हणजे टी-बार किंवा बटणाच्या लिफ्टवर, मागचा पाय सोडवून ठेवायचा असतो. स्कीवाल्यांना ती सोपी जाते, आपल्याला नाही. सरकता पट्टा किंवा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची केबलकार, असलेला भाग निवडला तर ताकद वाचते. पाय थरथरायला लागले की गोंडोलानेच खाली या. बहुतेक दुखापती "शेवटची एक फेरी" या हट्टात होतात.

संध्याकाळी दुकानात परत

बोर्ड अनेक दिवसांसाठी घेतला असेल तरी पहिल्या संध्याकाळी दुकानात एक चक्कर मारा. काय दुखलं ते सांगा. पोटरी दुखली तर मागचा आधार सरळ करतील, पुढचं पाऊल दुखलं तर कोन बदलतील, टाच सुटत होती तर बूट बदलून देतील. लहान दुकानाचा खरा फायदा इथे मिळतो आणि भाड्यात तो धरलेलाच असतो.

मागे धार लावायचं काम चालू असेल तर थोडा वेळ थांबून बघा, विचारलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात. तळ पॉलिथिलीनचा असतो. दगडावरून घासून आलेल्या खोल ओरखड्यांत त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरतात, मग खरवडून सपाट करतात. पोलादी कडा कानशीने घासून कोनात आणतात. शेवटी इस्त्रीने मेण वितळवून तळावर पसरवतात, थंड झालं की पट्टीने खरवडून टाकतात आणि ब्रश मारतात. खरवडलेलं मेण वाया गेलं असं वाटतं, पण काम करतं ते तळाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेलं. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फाला मऊ मेण, कडाक्याच्या थंडीतल्या बर्फाला कडक. पूर्वी वेगासाठी फ्लोरीनयुक्त मेण वापरत. ते निसर्गात विघटित होत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर पूर्ण बंदी घातली.

खोलीवर गेल्यावर बुटातला आतला भाग बाहेर काढून वाळवा. रेडिएटरवर मात्र ठेवू नका, आकार बिघडतो. बोर्डच्या कडा फडक्याने पुसा, नाहीतर सकाळपर्यंत गंज चढतो.

दाबलेल्या वाटांच्या बाहेर

एंगेलबर्ग जगभरच्या सराईत मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे ते लाउब नावाच्या प्रचंड मोकळ्या उतारासाठी, आणि हिमनदीवरून उतरणाऱ्या श्टाइनबर्गसाठी. दुकानात त्याच गप्पा ऐकू येतील. त्या ऐका, पण तिथे जाऊ नका. दोन्हीकडे हिमस्खलनाचा धोका आहे आणि हिमनदीत भेगा आहेत. हिवाळ्यात दावोसची हिमसंशोधन संस्था एसएलएफ संध्याकाळी ५ आणि सकाळी ८ वाजता धोक्याचं पत्रक काढते. धोका १ ते ५ अशा पायऱ्यांत मोजतात, आणि ३ म्हणजे "मध्यम, चालेल" असं मुळीच नाही. सगळ्यात जास्त मृत्यू ३ च्या दिवसांतच होतात. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायला दुकानात शोधयंत्र, फावडं आणि काठी असा संच भाड्याने मिळतो. तो वापरायचं प्रशिक्षण आणि सोबतीला जाणकार मार्गदर्शक असल्याशिवाय तो संच घेऊन काहीही साधत नाही.

परत करताना, आणि पुढे

बोर्ड परत देताना तळावर नवा ओरखडा पडला असेल तर स्वतःहून दाखवा. किरकोळ ओरखडे रोजचेच असतात. तुमच्या बुटाचं माप, कंपनी, बाइंडिंगचे कोन आणि अंतर यांचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात गेलात तरी अर्धं काम झालेलं असेल.

एकाच हंगामात तीन-चार वेळा जायचं ठरत असेल तर पहिल्यांदा बूट विकत घ्या, बोर्ड भाड्याचाच राहू दे. स्वतःच्या पायावर बसलेला बूट सगळ्यात मोठा फरक पाडतो. बोर्ड घ्यायची वेळ आली की मार्च-एप्रिलमध्ये याच दुकानात जा: भाड्याचे बोर्ड तेव्हा विकायला निघतात, आणि काही ठिकाणी तुम्ही भरलेलं भाडं किमतीतून वजा करतात. शरद ऋतूत अनेक शहरांत जुन्या हिवाळी सामानाचे बाजारही भरतात. जुना बोर्ड घेताना कडेवर बोट फिरवून कुठे तडा आहे का बघा, तळाला भेग पडून आतलं लाकूड दिसत नाही ना ते पाहा, आणि बाइंडिंगचे सगळे स्क्रू एकदा स्वतः पिळून बघा. एखादा नुसताच फिरत राहिला तर तो बोर्ड तिथेच ठेवा.